तापीकाठची वाट आणि तिचे किल्ले

सतराव्या शतकात हिंदुस्थानात वारंवार येऊन गेलेल्या ज्याँ-बातीस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाणाऱ्या वाटेवरचे मुक्काम आपल्या प्रवासवृत्तात ओळीने नोंदून ठेवले आहेत. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही आपली गावे त्याच्या परक्या लेखणीखाली थोडी वाकडी झाली असली, तरी ओळखू येण्याइतकी शाबूत आहेत. चौदाव्या लुईस तो विख्यात निळा हिरा विकणाऱ्या या गृहस्थास मोलाच्या वस्तूची पारख होती, याविषयी शंका नको. आणि नवापुरास त्याला मोलाची वाटलेली वस्तू म्हणजे तेथला तांदूळ. दाणा बारीक, गंध कस्तुरीसारखा, आणि मान असा की इराणात नजराणा पाठवावयाचा झाला तर याच तांदळाची गोणी धाडावी, असे त्याने आवर्जून लिहून ठेवले आहे. ज्याच्या देशात लुआर नदीच्या काठी राजेरजवाड्यांचे प्रासाद रांगेने उभे आहेत, शेर नदीच्या प्रवाहावर कमानी टाकून शनाँसोसारखा महाल बांधला आहे, त्याने तापीकाठच्या मातीच्या तटांनी दिपून जावे अशी अपेक्षा आपणही करू नये. त्याचे लक्ष मुक्काम, मुक्कामांमधले अंतर, बाजार आणि पीक यांवर होते.

खानदेशचे किल्ले पाहावयास निघालेल्या मराठी वाचकाने ही व्यापाऱ्याची दृष्टी थोडा वेळ उसनी घ्यावी, असे मला वाटते. कारण किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजगड-रायगड उभे राहतात. सह्याद्रीचा तुटलेला कडा, त्यावरचा बुलंद बालेकिल्ला आणि शिवछत्रपतींचे पुण्यस्मरण यांवाचून किल्ला ही कल्पनाच आपल्याला पुरी होत नाही. या मापाने मोजावयास गेले तर लळिंग ठेंगणा ठरतो, सोनगीर किरकोळ भासतो, थाळनेर मातीच्या ढिगाऱ्यासारखा दिसतो, आणि पारोळ्याचा किल्ला तर भर बाजारपेठेत असल्यामुळे किल्ला म्हणून लक्षातच येत नाही. पण हे माप मुळातच चुकीचे आहे. सह्याद्रीचे दुर्ग राज्य लपविण्यासाठी आणि राखण्यासाठी बांधले गेले. खानदेशचे किल्ले वाट राखण्यासाठी बांधले गेले. त्यांच्या तटावरून काय दिसते हे ज्याने पाहिले नाही, त्याने किल्ला पाहिलाच नाही असे म्हणावयास हरकत नाही.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा आणि अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे, आणि मधोमध पश्चिमवाहिनी तापी, असा हा काळ्या कसदार जमिनीचा लांबोडा पट्टा आहे. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल उत्तर हिंदुस्थानात न्यावयाचा तर तो या पट्ट्यातून बुऱ्हाणपुरास जाई आणि तेथून पुढे अशीरगडाखालून माळव्यात शिरे. दख्खनेतून हिंदुस्थानात जाणारे लष्कर, यात्रेकरू आणि बैलांचे तांडे सातमाळ्याचे घाट उतरून, तापी ओलांडून, सेंधव्याच्या घाटाने सातपुडा चढत. या दोन वाटांची फुली खानदेशच्या छातीवरच पडते, आणि आजही मुंबई-आग्रा महामार्ग व सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यापाशीच एकमेकांस छेद देतात. रस्ते आखणारा अभियंता बदलतो, घाट आणि उतार बदलत नाहीत. तापी ही ओलांडावयास मोठी अवघड नदी. तिचे पात्र खोल, काठ उंच, आणि दोन्ही अंगांस नाल्यांनी मैल-मैल कोरून काढलेल्या दरडी. जेथे उतार सापडतो तेथेच गाडी नदीत घालावी, अन्यत्र नाही. साहजिकच ज्याच्या हाती उतार, त्याच्या हाती जकात. आणि ज्याच्या हाती जकात, त्याच्या हाती शिबंदीचा पगार. इ. स. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी थाळनेरावरून गेला तेव्हा त्यानेही किल्ला, चांगले वसलेले गाव आणि पावसाळ्यात नावेवाचून न उतरता येणारी नदी या तीन गोष्टी एकाच दमात नमूद केल्या, आणि वाट चोरांची आहे हा इशाराही देऊन ठेवला. थाळनेरचे सारे राजकारण या नोंदीत येऊन जाते.

शिरपूर तालुक्यातील हे थाळनेर आज एक मोठेसे खेडे आहे. परंतु चौदाव्या शतकाच्या अखेरीस येथून एक राज्य उभे राहिले आणि ते दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. त्याची जन्मकथा इतिहासकार फेरिश्त्याने सांगितली आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक शिकारीच्या नादात आपल्या माणसांपासून चुकला, भुकेने व्याकुळ झाला, आणि मलिक राजा नावाच्या एका साध्या शिकारी स्वाराने आपल्या शिदोरीतला घास त्याच्यापुढे ठेवला. कृतज्ञ सुलतानाने १३७० मध्ये त्याला थाळनेर आणि करवंद ही दूरची, बेवसाऊ ठाणी जहागीर म्हणून दिली. कथेत अद्भुताचा अंश असेल. तथापि सनदेतील गावांची निवड मात्र अद्भुत नव्हे. ज्याने ती स्वीकारली त्याला तापीचा उतार म्हणजे काय हे पुरते ठाऊक असले पाहिजे, कारण बारा वर्षांत, १३८२ मध्ये, तो दिल्लीचा मांडलिक राहिला नव्हता. स्वतःस खलिफा उमर फारूक याचे वंशज म्हणवून घेणारे हे फारुकी घराणे पुढे बुऱ्हाणपुरी स्थिरावले आणि १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेईपर्यंत नांदले.

१३९९ मध्ये मलिक राजा मरण पावला तेव्हा त्याने एक अशी वाटणी करून ठेवली होती की तिच्यातून कलह निपजला नसता तरच नवल. थोरला नासिर याला लळिंग, धाकटा इफ्तिखार याला थाळनेर. म्हणजे एकाच वाटेवरचा दक्षिणेकडचा घाट एकाच्या हाती आणि उत्तरेकडचा उतार दुसऱ्याच्या. लळिंगच्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे ही वाटणी किती विचित्र होती ते चटकन ध्यानात येते. खाली घाटातून रस्ता दक्षिणेकडून येतो, गडाच्या पायथ्याशी वळण घेतो आणि उत्तरेस मैदानात सरळ निघून जातो. गडावरच्या पहारेकऱ्यास येणारा तांडा तासभर आधी दिसावा आणि जाणारा तासभर नंतरही दिसत राहावा, असा तो मोका आहे. पण तांडा पुढे थाळनेरला भावाच्या नाक्यावर जाऊन थांबणार, हे नासिरला कसे सोसावे? त्याने अशीरगड आसा अहिराकडून कपटाने घेतला, बुऱ्हाणपूर वसविले, आणि शेवटी १४१७ मध्ये माळव्याच्या सुलतानाचे साहाय्य घेऊन धाकट्या भावाचे थाळनेर हिसकावले. अहिराचा किल्ला घेण्याची कथा तर बखरकारांनाही मोहात पाडील अशी आहे: आपल्या कुटुंबकबिल्यास शत्रूपासून आश्रय पाहिजे म्हणून डोल्या वर पाठवाव्यात, आणि त्यांतून सशस्त्र शिपाई बाहेर पडावेत. आसा अहिराने आदरातिथ्य केले आणि त्याबद्दल जीव गमावला.

या नासिरचा अंतही लळिंगनेच पाहिला. आपली मुलगी त्याने बहमनी राजपुत्र अलाउद्दीन यास दिली होती. पुढे गादीवर आलेल्या या जावयाने संगमेश्वरच्या राजाच्या सुंदर कन्येच्या नादी लागून पट्टराणीची उपेक्षा केली, तिने माहेरी गाऱ्हाणे लिहिले, आणि बापाने वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनी सेनापती मलिक-उत्-तुजार याने रोहिणखेडला त्याचा मोड केला, बुऱ्हाणपूर जाळले आणि पाठलाग करीत त्याला लळिंगात कोंडले. तेथेच १४३७ मध्ये तो खंगून मेला. लेकीच्या कैवाराने सुरू झालेल्या या युद्धात लेकीचे काय झाले हे इतिहासकार सांगत नाहीत. राजकन्या हे त्यांच्या लेखी केवळ कारण असते. नासिरचे शव मात्र थाळनेरास, बापाशेजारी, नेऊन पुरले. थाळनेरच्या वेशीबाहेर हे हजिरे अद्याप उभे आहेत: घुमटाचे, चौरस, आणि त्यांत एक अष्टकोनी, ज्याच्या भिंतीवरील नक्षीकाम माळव्यातल्या कारागिरांची आठवण करून देते. बुऱ्हाणपूरचे वैभव हाती आल्यावरही पहिले चार फारुकी मातीस थाळनेरच्याच मिळाले.

यापुढची जवळजवळ चार शतके थाळनेरच्या बाबतीत झपाट्याने ओलांडली तरी चालेल. गुजराती आले, मोगल आले, मराठे आले. सरकार, परगणा, सुभा यांची नावे बदलली. चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा झाल्या. उतारावर माल मोजणारा कारकून कोणाच्या नावाने पावती फाडतो एवढाच काय तो फरक पडला. मात्र २७ फेब्रुवारी १८१८ या दिवशी जे घडले त्यापाशी थांबणे भाग आहे.

महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव होऊन मंदसोरला तह झाला होता, आणि त्या तहान्वये सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख कंपनीकडे गेला होता. तो ताब्यात घेत सर टॉमस हिस्लॉप तापीकडे उतरला. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा. तहाची वार्ता आणि आपल्या धन्याचा हुकूम समोर येऊनही त्याने तोफ डागली. असे त्याने का केले असावे याविषयी इंग्रजी बखरी फारसा विचार करीत नाहीत. धन्याने लढाई हरून केलेल्या तहाचा कागद शत्रूच्याच हातून यावा आणि तो खरा मानून किल्लेदाराने किल्ल्या द्याव्यात, हे त्या काळच्या किल्लेदाराच्या इमानात कितपत बसत होते, हा प्रश्न मला तरी पडतो.

किल्ल्याची रचना अशी की एक अंग तापीच्या पात्रातून सरळ वर आलेले, उरलेल्या तीन अंगांस रुंद घळ, घळीच्या तळापासून तट सुमारे ६० फूट उंच, आणि आत जाण्यास पूर्वेकडून एकच मार्ग. त्या मार्गावर एकापाठोपाठ एक पाच दरवाजे, आणि प्रत्येक दोन दरवाजांच्या मध्ये वळणावळणाची चिंचोळी वाट, जेणेकरून आत शिरलेल्या शत्रूस वरून सुखाने टिपता यावे. तोफांच्या माऱ्याने बाहेरचा दरवाजा खिळखिळा झाला, आतले दरवाजे उघडे सापडले किंवा उघडून देण्यात आले, आणि किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. राहिला अखेरचा दरवाजा. त्याची दिंडी उघडली गेली आणि मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅक्ग्रेगर, कर्नल मरे व मूठभर शिपाई वाकून आत गेले. दिंडी म्हणजे मोठ्या फळीतला तो लहान दरवाजा, ज्यातून एका वेळी एकच माणूस, तोही मान लववून, जाऊ शकतो. शरण येणाऱ्यांशी शर्ती बोलण्यास याहून वाईट जागा नसावी. आतील अरब शिबंदीला हे बोलणे कळले नाही, की आपली शस्त्रे आता जाणार एवढेच कळले, कोण जाणे. जंबिये उपसले गेले. गॉर्डन आणि मॅक्ग्रेगर तेथेच पडले, मरे जखमी झाला. त्यानंतर फळी मोडून फौज आत घुसली आणि सुमारे ३०० माणसांची सबंध शिबंदी कापून काढण्यात आली. त्याच दिवशी तुळशीराम मामाला बुरुजावर फाशी देण्यात आले. वास्तविक कत्तल सुरू होण्यापूर्वीच तो इंग्रजांच्या स्वाधीन झालेला होता.

या फाशीविषयी लंडनच्या पार्लमेंटातही प्रश्न उठला, आणि १८१९ मध्ये लष्कराच्या आभाराचा ठराव मंजूर करताना थाळनेरचे प्रकरण त्यातून वगळून ठेवावे लागले. विजेत्यांच्या सभेने विजयाला जेमतेम वर्ष होताच अशी कुरकुर करावी, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हे. गावात मात्र या प्रसंगाचा शिलालेख नाही, फलक नाही. नदीच्या अंगचा तट वर्षानुवर्षांच्या पुरांनी खचला आहे आणि तुळशीराम मामाचे नाव पाठ्यपुस्तकांत शोधूनही सापडत नाही. आपल्या विस्मृतीला मी यापरते मोठे उदाहरण देऊ शकत नाही.

इंग्रजांच्या हाती आलेला खानदेश उजाड होता. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी तो लुटला, पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, आणि नंतर पेंढारी, थकलेल्या पगारासाठी गढ्या अडवून बसलेले अरब जमादार व डोंगरातील भिल्ल नाईक यांनी उरलेसुरले वाटून घेतले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने ठाणे कोठे घालावे याचा विचार करताना थाळनेर घेतले नाही, लळिंग घेतले नाही. पांझरेच्या काठचे धुळे घेतले, कारण ते मध्यवर्ती होते आणि आग्र्याच्या रस्त्यावर होते. म्हणजे विचार फारुक्यांचाच, फक्त तटाच्या जागी कचेरी आली. त्याने आखलेल्या सरळ पेठांचा संस्कार असा टिकला की धुळेकर आजही गल्लीला नाव न देता नंबर देतो. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव. चाळीसगावाहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला अद्याप त्याचेच नाव आहे.

ज्यांनी वाट लुटावी त्यांनाच वाटेचे राखणदार नेमावे, हे धोरण शहाणपणाचे होते. परंतु ते माणसांच्या मानापमानावर उभे होते. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हा वर्षानुवर्षे सरकारचा विश्वासू नोकर. एका दरोडेखोराच्या मृत्यूचे निमित्त होऊन तो शिक्षेस पात्र ठरला, आणि सुटून आल्यावर १८५७ मध्ये त्याच घाटात, ज्याचे प्रत्येक वळण त्याला पाठ होते, त्याने सात लाखांचा सरकारी खजिना अडविला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या रानात त्याच्या लोकांची इंग्रजी फौजेशी जी झुंज झाली तिच्यात भिल्ल स्त्रियाही होत्या. किल्ल्यांवरच्या आपल्या पुस्तकांत घाटाचे हे पहारेकरी येत नाहीत, कारण त्यांनी तट बांधले नाहीत. वास्तविक खानदेशच्या दुर्गविद्येत त्यांचा अधिकार कोणत्याही किल्लेदाराइतका होता.

पारोळ्याचा किल्ला याच सुमारास गेला. १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदर यांनी तो बांधला आणि त्याबरोबर पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंदीचे शहर केले, असे सांगतात. खंदक, दुहेरी तट, आत बालेकिल्ला, असा हा खानदेशातील भुईकोटांमध्ये सर्वांत देखणा किल्ला. झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे कुळाचा येथे संबंध सांगितला जातो आणि पारोळेकरांना त्याचा रास्त अभिमान आहे. सत्तावनच्या धामधुमीनंतर जहागीर खालसा झाली आणि १८५९ मध्ये सरकारने किल्ला पाडून निकामी केला. आज खंदकाच्या कडेपर्यंत दुकाने आली आहेत; भाजीच्या गाड्यांमधून वाट काढीत दरवाजाशी पोहोचावे लागते. मला त्यात फारसे गैर वाटत नाही. जो किल्ला बाजार वसविण्यासाठी बांधला गेला, त्याला बाजाराने वेढावे यात न्याय आहे. अन्याय आहे तो त्या बाजाराने आपला कचरा खंदकात टाकावा यात.

किल्ल्यांहून अधिक संख्येने, आणि अधिक वेगाने, नाहीशा होत आहेत त्या गढ्या. दोंडाईचे, मालपूर, लामकानी या बाजूस हिंडताना, किंवा कोणत्याही जुन्या देशमुखी गावात शिरताना, घरांच्या वर उठलेला पांढऱ्या मातीचा बुरूज दिसतो. खाली चार-सहा हात काळ्या दगडाचे जोते, त्यावर मातीचा तट, इतका जाड की त्यात जिना काढावा. आत चौक, देवडी, बळद आणि विहीर. पेंढाऱ्यांची वर्दी आली की सारा गाव गुरांसकट आत जाई. ही पांढरी माती घट्ट बसते, पाणी झिरपू देत नाही; आणि खानदेशातली घरे धाब्याची असल्यामुळे दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर तीच माती टाकावयाची पद्धत आहे. ज्येष्ठ उजाडला की लोक टोपल्या घेऊन गढीवर चढतात. ज्या तटाला होळकरांची फौज भेदू शकली नाही तो अशा रीतीने टोपलीटोपलीने गावाच्या छपरांवर पसरला गेला. गिरणाकाठी बहाळ येथे अशाच एका टेकाडात पुरातत्त्व खात्याने १९५२ च्या सुमारास उत्खनन केले तेव्हा ताम्रपाषाण युगाची चित्रित मडकी निघाली. गावोगावच्या पांढरीत असे किती पुराण थर दडले असतील आणि किती आजवर धाब्यावर गेले असतील, याचा हिशेब आता कोणी मांडू शकणार नाही.

बहाळचे आणखी एक महत्त्व आहे. तेथील देवळात शके ११४४ चा एक शिलालेख असून तो यादव सिंघणाचा ज्योतिषी अनंतदेव याचा आहे. हा अनंतदेव भास्कराचार्यांच्या भावाचा नातू. खुद्द भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा लेख तेथून दूर नाही. चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या कुशीत, जेथे आता अभयारण्य आहे, तेथे पाटण नावाचे एकेकाळचे नगर आहे आणि चंडिकेचे देऊळ आहे. या पाटणला इ. स. १२०७ मध्ये चांगदेवाने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे अध्ययन चालावे म्हणून मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिक राजाने त्यास दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख विद्वानांपुढे आणला. त्याचा बहुतेक भाग संस्कृत आहे, कवित्वपूर्ण आहे, वंशवर्णनाने भरलेला आहे. परंतु शेवटी जेथे पैशाची गोष्ट येते तेथे लेखकाने संस्कृत बाजूस ठेवून गावच्या जुन्या मराठीचा आश्रय केला आहे. बाजारात माल विकला जाईल त्यावर मठाचा अमुक हक्क, दर घाण्यामागे मठास पळीभर तेल, अशी ती तजवीज. राजाने जमीन दिली, पण दिवा तेल्याच्या घाण्यावर जळावयाचा होता. ग्रहगती आणि ग्रहणे यांचे गणित करणाऱ्या विद्यार्थ्याला रात्री पोथी वाचावयास तेल लागते, आणि ते तेल घाटाखालच्या बाजारातून येते, हे ज्या राज्यकर्त्यास सुचले त्याच्याविषयी मला कोणत्याही किल्ले बांधणाऱ्यापेक्षा अधिक आदर वाटतो. देऊळ उंच जोत्यावर, ताराकृती आखणीचे आहे. पावसाळ्यात जवळच धवलतीर्थाचा धबधबा कोसळतो. लोक धबधबा पाहून परततात.

राज्ये येत-जात असताना ज्या एका व्यवस्थेला कोणी हात लावला नाही ती फड बागायतीची. साक्रीकडून धुळ्याकडे येणाऱ्या पांझरेवर, आणि गिरणा-मोसमच्या काठीही, जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या एका टोकाकडून पाट निघतो, पाटाच्या पोटचे सारे क्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले असते, आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक. या फडात ऊस, त्या फडात गहू, पुढल्या साली फेर. एखाद्याच्या वाट्याला कोणत्याही फडात जमीन असो, त्याने मनास येईल ते पेरावयाचे नाही. पाणी द्यावयाचे पाटकऱ्याने. मालकाने स्वतःच्या शेतातही मोरी उघडावयाची नाही. राखणीस जागल्या, आणि या सर्वांची मजुरी पिकातून. पाण्याचे वर्ष वाईट निघाले तर किती क्षेत्र भिजवावयाचे हे आधी ठरावयाचे, आणि तोटा सर्वांनी वाटून घ्यावयाचा. निदान तीन शतके ही पद्धत चालली, तीही कोणत्याही सरकारच्या शिबंदीवाचून. धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप आले, तसे फड मोडत गेले. ज्याला आपल्या विहिरीचे पाणी आहे तो पाटकऱ्याची वाट कशाला पाहील? तरी काही गावांत बंधारे अजून वाहते आहेत. खानदेशात कोणी परका पाहुणा आला आणि येथे पाहण्यासारखे काय असे त्याने विचारले, तर मी त्याला प्रथम असा एखादा बंधारा दाखवीन आणि मग लळिंग.

वाटांचे दैव लोहमार्गाने पालटले. १८६० नंतर भुसावळ आणि जळगाव आगगाडीवर आले, अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि ज्या जळगावचे नाव जुन्या प्रवाशांच्या मुक्कामांत दिसत नाही ते जिल्ह्याचे शहर झाले. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे पडले तेव्हा पूर्वेचे ठाणे त्यालाच मिळाले. सुरतेची गाडीही तापीच्या दक्षिणेने अमळनेर, दोंडाईचे, नंदुरबार अशी गेली. थाळनेर नदीपलीकडे राहिले. उतारावर गाड्या खोळंबण्याचे कारण संपले, नावा गेल्या, पेठ ओसरली. आग्रा महामार्गही आता सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडून जातो आणि प्रवाशाला नदी केव्हा गेली हे कळत नाही. सोनगीरच्या तांबट आळीतील ठोक्यांचा आवाज महामार्गावरून जाणाऱ्यास एकेकाळी ऐकू येई. ते कसबही आता क्षीण झाले आहे. लळिंगला जाणारे बहुतेक लोक किल्ल्यासाठी जात नाहीत. १९३७ च्या जुलैअखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथील लांडोर बंगल्यात उतरले होते, त्या स्मृतीस वंदन करण्यासाठी दर ३१ जुलैला हजारो माणसे तेथे लोटतात. फारुक्यांच्या गडाला असा मान स्वप्नातही मिळाला नसता.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला, आणि अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, तेथे त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. खेड्यापाड्यांत पायपीट करून कागद जमविणाऱ्या त्या पुरुषाने जी दप्तरे राखली त्यांत जकातीच्या पावत्या, पाटपाण्याचे निवाडे, गढीच्या डागडुजीचे खर्च असेच बहुधा सापडतात, आणि वर सांगितलेला इतिहास अशाच कागदांतून पुरा व्हावयाचा आहे. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, पाटील, तेली, तांबट, ज्यांच्या माळ्यावर मोडीचा एखादा रुमाल अद्याप बांधून पडला असेल, त्यांनी तो उकरड्यावर किंवा रद्दीत घालण्यापूर्वी एकदा धुळ्यास नेऊन दाखवावा; मूळ कागद द्यावयाचा नसेल तर निदान त्याची नक्कल तरी मंडळात ठेवावी. आणि थाळनेर, दोंडाईचे, पारोळे येथील ग्रामस्थांनी धाब्यासाठी माती दुसरीकडून आणावी.